पहिल्या दहिवराची वाट

पहिले दव गोठून पाने काळी पडली म्हणजे मगच कंद उकरून काढावेत, असा स्पष्ट हुकूम असल्यामुळे, सन २०१८ च्या हिवाळ्यात मी मौजे हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा येथील माझ्या राहत्या घराच्या अंगणात दररोज पहाटे चार वाजता घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन, दव गोठण्याची वाट पाहत बसत असे. आणि ज्या गावात वैशाखात डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटून राहते व माणूस अनवाणी पुढे निघून जातो, त्या गावात बर्फाची प्रतीक्षा करणाऱ्या इसमाविषयी गावकऱ्यांनी जे जे तर्क केले, ते आज शांतपणे विचार करता मला सर्वस्वी न्याय्य वाटतात.

हा हुकूम एका पुस्तिकेत होता, आणि ती पुस्तिका सहा कंदांसह माझ्या साडूंनी पाचगणीहून धाडली होती. साडू हे नाते म्हणजे नवरा या नात्याने आपण कितपत उणे पडलो हे मोजण्यासाठी समाजाने नेमून दिलेले अधिकृत माप होय. आमचे साडू सेवानिवृत्तीनंतर पाचगणीस बंगला बांधून राहिले. मी एका तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन वडिलार्जित घरी हिंगणीस आलो. दरवर्षी महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, आणि दरवर्षी साडू तिचे कात्रण आम्हांस पाठवितात, जणू ते दव त्यांच्याच देखरेखीखाली आणि त्यांच्याच खर्चाने गोठविण्यात आले असावे. कात्रणाच्या कडेला 'तुमच्याकडे काय म्हणते हवामान?' एवढाच मजकूर असतो. आमच्याकडचे हवामान काय म्हणते ते सभ्य पत्रव्यवहारात लिहिण्याजोगे नसल्यामुळे मी उत्तर देत नाही.

मृग नक्षत्राच्या सुमारास खोके आले. उघडून पाहताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अद्रक होय. तीही वाळलेली."

"अद्रक नव्हे, कॅला लिली आहे," मी म्हणालो. "पांढरे शुभ्र फूल येते. विलायतेत लग्नात नवरीच्या हाती देतात."

"मग लग्न झालेल्यांच्या घरी काहून पाठवली?"

या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नव्हते. बाकी बहुतेक सर्व गोष्टींची उत्तरे होती, आणि ती इतकी निःसंदिग्ध होती की पस्तीस वर्षे शासकीय परिपत्रके वाचण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला ती वाचताना जुना सोबती भेटल्याचा आनंद झाला. पुस्तिका कुठल्याशा शीत देशात छापलेली होती; तपमान फॅरनहाइटमध्ये होते; आणि तिच्यातील प्रत्येक तिसरे वाक्य हिमापासून सावध राहण्याविषयी होते. चौथ्या कलमात म्हटले होते की या नाजूक वनस्पतीला गोठलेल्या दवाचा स्पर्शही होऊ देऊ नये. सातव्या कलमात म्हटले होते की पहिल्या गोठलेल्या दवाने पाने काळवंडल्यावर कंद उकरावेत, वाळवावेत, आणि ५० अंश फॅरनहाइट तपमानाच्या कोरड्या तळघरात वसंतापर्यंत ठेवावेत. म्हणजे दव पडू द्यावयाचे नाही, आणि ते पडल्यावाचून पुढील कारवाई करावयाची नाही. ज्याने सरकारी नोकरी केली नाही असा मनुष्य इथेच गोंधळून गेला असता. मी गोंधळलो नाही. परस्परविरोधी कलमे असली म्हणजे दोन्हींची अंमलबजावणी एकाच वेळी करावयाची असते, हे मला ठाऊक होते.

मी बाजारातून एक लांबट खतावणी आणली आणि तिच्यात रकाने पाडले: तारीख, तपमान, हजेरी (म्हणजे पाने किती), आणि शेरा. तपमापक म्हणून घरच्या औषधाच्या डब्यातला ताप मोजण्याचा पाऱ्याचा थर्मामीटर कामावर रुजू करून घेतला. तो ९४ अंशांपासून सुरू होतो व १०८ अंशांवर संपतो, कारण त्याच्या खाली अथवा वर गेलेला मनुष्य डॉक्टरांच्या अधिकारकक्षेतून बाहेर पडलेला असतो. पहिल्या दिवशी मी तो कुंडीतल्या मातीत पाच मिनिटे खोचून ठेवला आणि कंपाउंडरांना दाखविला. त्यांनी तो उजेडात धरला, झटकला, पुन्हा धरला. "पारा चढलाच नाही. रोगी कोण होय जी?" असे त्यांनी गंभीरपणे विचारले. मी "माती" असे सांगताच ते काही काळ मौन राहिले, आणि मग त्यांनी माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

सहांपैकी एक कंद त्याच पावसाळ्यात कुजून कामी आला. उरलेल्या पाचांनी पाने काढली, आणि तिथे एक नवेच प्रकरण उपस्थित झाले. पान फुटले ते हुबेहूब धोप्याचे. (पुण्यामुंबईकडील वाचकांसाठी खुलासा: ज्याला तुम्ही अळू म्हणता, त्याला आम्ही वऱ्हाडाच्या शेजारची माणसे धोपा म्हणतो, वस्तू तीच, वडी तीच, फक्त आमच्या वडीला तिखट अधिक.) मी चौकशी केली तेव्हा असे निष्पन्न झाले की कॅला लिली ही लिली नाही, इतकेच काय, शास्त्राच्या दप्तरी ती कॅलाही नाही. ती अळू आणि सुरण यांच्या कुळातली. सन १८२६ मध्ये स्प्रेंगेल नावाच्या जर्मन पंडिताने फेरफार नोंदवून तिला झांतेदेस्की नावाच्या इटालियन गृहस्थाचे आडनाव लावले, आणि जगाने ती नोंद न वाचता जुन्याच नावाने व्यवहार चालू ठेवले, जसे आपल्याकडे सात-बारावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची असते. जिला पाकळी समजतात ती पाकळी नव्हे, गुंडाळलेले एक पांढरे पान आहे. किराणा दुकानदार फुटाण्याची पुडी ज्या कोनात वळतो, नेमक्या त्याच कोनात वळलेले. खरी फुले आतल्या पिवळ्या दांडीवर असतात, आणि ती इतकी बारीक की त्यांच्यासाठी कोणी लग्न करणार नाही.

हा कुळवृत्तांत मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितला. ती माझी चूक झाली.

"म्हणजे धोपाच होय," सौभाग्यवती म्हणाल्या.

"धोप्याच्या कुळातली आहे. धोपा नव्हे. धोप्याचा देठ पानाच्या पाठीला, जरा आत चिकटलेला असतो; हिचा देठ पानाच्या काठाला येऊन मिळतो. शिवाय हिच्या पानात धोप्याहून अधिक खाज असते."

"चिंच घातली की खाज जाते."

मी त्याच दिवशी कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर, अंगणाच्या उत्तर टोकाला हलविल्या, आणि खतावणीत शेरा मारला: 'बंदोबस्त वाढविला.'

कार्तिक लागला तशी मी रात्रीची गस्त सुरू केली. हिंगणी हे बोर नदीकाठचे, बोर अभयारण्याच्या वेशीवरचे गाव. १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या जंगलाला २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून पर्यटक पहाटे जिपा घेऊन वाघ पाहण्यास जातात, आणि गावकरी पहाटे वाघ दिसू नये म्हणून प्रार्थना करीत शेतावर जातात. जंगल लहान, सुमारे १३८ चौरस किलोमीटर, पण त्यातील डुकरांना हद्दीचे नकाशे वाचता येत नाहीत. म्हणून हरभऱ्याच्या दिवसांत आमच्याकडे जागल असते. अशाच एका पहाटे जागलीवरून परतणाऱ्या शेजाऱ्याने कुंपणाआड काळ्या घोंगडीतली, उकिडवी बसलेली, मधूनमधून जमीन हुंगणारी आकृती पाहिली. मी हुंगत नव्हतो. गवताचे पाते चष्म्याजवळ आणून पाहत होतो. एक ढेकूळ माझ्या पाठीवर येऊन फुटले.

"अरे, मी आहे! मी!"

"बाबूजी? मले वाटलं अस्वल होय. काय पाहून रायले जी येवढ्या हिवात?"

"दहिवर पाहतो आहे."

"दहिवर काय पाहाच जी? चपलीले लागतेच ना."

"गोठते की नाही ते पाहतो."

तो कुंपणाशी आला. त्याने गवताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अत्यंत मायेने म्हणाला, "दहिवर गोठन कसं बाप्पा? ते काय तूप होय?"

दुसऱ्या दिवसापासून गावात तीन मते पडली. पहिले असे की बाबूजींना व्याघ्रगणनेच्या कामावर गुप्तपणे नेमले आहे. दुसरे, मुलांनी दुर्लक्ष केल्यामुळे बाबूजींच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. हे मत आमच्याच घरात विशेष लोकप्रिय होते. तिसरे मत मात्र गंभीर होते: रात्री बॅटरी घेऊन एकाच जागी बसतो, जमीन हुंगतो, वहीत आकडे मांडतो, त्याअर्थी वाड्यात गुप्तधन आहे. त्या आठवड्यात ज्यांच्याशी माझे दहा वर्षे बोलणे नव्हते असे दोन चुलत भाऊ सहकुटुंब चहास येऊन गेले, आणि आजोबांच्या वाटणीपत्राची नक्कल माझ्यापाशी आहे काय, अशी सहज चौकशी करून गेले.

डिसेंबरच्या अखेरीस थंडीने खरेच मनावर घेतले. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसवर उतरला, जो वेधशाळेच्या दप्तरातला तोवरचा नीचांक ठरला. आणि नागपूर आम्हांस काही फार दूर नाही. त्या रात्री मला कलम चार व कलम सात यांची एकाच वेळी अंमलबजावणी करण्याची ऐतिहासिक संधी प्राप्त झाली. घरात पांघरुणे चार: दोन दुलया, एक सोलापुरी चादर, आणि सौभाग्यवतींनी माहेरून आणलेली लाल रजई, जिच्यावर वास्तविक कोणाचा हक्क चालत नाही. ती चारही मी चार कुंड्यांवर घातली. पाचव्या कुंडीला पांघरूण उरले नाही. नियमाप्रमाणे पाहता ती उघडीच राहणे आवश्यक होते, कारण पाने काळी पडल्याचा पुरावा कोणीतरी दिला पाहिजे. अशा रीतीने चौघांचे रक्षण आणि एकाचे बलिदान ठरवून मी घोंगडीत बसलो, साडूंना पाठवावयाच्या तारेचा मजकूर मनात जुळवू लागलो (तारखाते बंद होऊन पाच वर्षे झाली होती, पण मजकूर तारेचाच सुचत होता), आणि साडेचारच्या सुमारास मला झोप लागली.

जाग आली तेव्हा सात वाजले होते. ऊन अंगणात आले होते. गवतावर पाणी होते. परंतु ते पहाटे बर्फ होते की पहिल्यापासून पाणीच होते, हे सांगणारा एकमेव साक्षीदार झोपलेला होता. खतावणीत मी 'निर्णय राखून ठेवला' एवढेच लिहू शकलो. चार कुंड्यांवरची पांघरुणे काढली तर आतली पाने भाजीच्या टोपलीत रात्रभर दाबून ठेवलेल्या पालकासारखी माना टाकून पडलेली. पाचवी, उघडी कुंडी मात्र ताठ उभी होती, सुट्टीवर घरी आलेल्या मुलासारखी टवटवीत, आणि तिच्या मधोमध एक हिरवट-पांढरी कळी वर येत होती. हिंगणीत त्या रात्री थंडीने सुखावलेला प्राणी तेवढा एकच. घरातील इतर प्राण्यांनी रात्र एकाच सतरंजीत काढली होती, आणि रजईविषयीचे त्यांचे जाबजबाब पुढे आठ दिवस चालले.

जानेवारीत फूल उमलले. मी त्याचे छायाचित्र साडूंना पाठविले. बऱ्याच वेळाने उत्तर आले: 'छान. आमच्याकडे ओढ्यात आपोआप येतात. काढून टाकावी लागतात.' मी पुन्हा चौकशीला लागलो, आणि मला जे सापडले त्याने माझे समाधान झाले. ही पांढरी जात मूळची दक्षिण आफ्रिकेची. तिच्या मायदेशी ती चरांतून, पाणथळीतून उगवते. थोडेसे गोठलेले दव ती सोसते, खऱ्या नाजूक आहेत त्या तिच्या रंगीत बहिणी. आणि तिथल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी तिला नाव दिले आहे 'डुकराचा कान', कारण फुलाचा आकार तसा आणि कंदावर डुकरांची प्रीती. साडूंच्या उत्तराला मी प्रत्युत्तर धाडले: 'आपले डुकराचे कान खुशाल आहेत.' त्यावर पाचगणीहून दोन महिने काही आले नाही.

एप्रिल उजाडला, आणि ज्या शत्रूविषयी पुस्तिकेत एक अक्षर नव्हते तो पूर्वेच्या बाजूने, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या ठिकाणी उगवला. पुस्तिकेत सूर्याचा उल्लेख एकदाच होता, तोही 'भरपूर सूर्यप्रकाश द्यावा' असा. हिंगणीतल्या सूर्याला 'भरपूर' म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. पाने कडेने पिवळी पडू लागली. मी कुंड्या उचलून कुलरसमोर ठेवल्या.

विदर्भातल्या घरात कुलरसमोरची जागा म्हणजे काय हे इतरांना समजणे कठीण आहे. तिची वाटणी घर बांधतानाच झालेली असते. मध्यभागी सर्वांत वृद्ध माणूस, मग नातवंडे, मग परीक्षेला बसलेले मूल, आणि कडेला, जिथे वाऱ्यापेक्षा आवाजच अधिक येतो, तिथे कर्ता पुरुष. या मांडणीत मी पाच कुंड्या घुसविल्या. पहिल्या रात्री कोणी बोलले नाही. दुसऱ्या रात्री मातोश्री अंधारात म्हणाल्या, "माझ्या पायाला काहीतरी ओलं लागते." तिसऱ्या रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "मी जर धोपा असती तर मलेही इथं जागा भेटली असती काय?" आमच्याकडे त्या प्रमाण भाषेत बोलत असतात तोवर तडजोडीला वाव असतो, 'मले' आले की मुदत संपली असे समजावे.

उपायांची माझ्यापाशी वाण नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, १९३६ सालापासून शेगावात, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, गांधीजी मुक्कामाला राहिले. आणि निसर्गोपचारावर श्रद्धा असल्यामुळे डोक्यावर व पोटावर ओल्या मातीची पट्टी हा त्यांचा आवडता इलाज होता. मी त्याचाही विचार केला. परंतु आमचा रोगी आधीपासून मातीतच असल्यामुळे तो लागू पडला नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी दुपारी एक वाजता अंगणातल्या रिकाम्या कुंडीत थर्मामीटर खोचला, केवळ नोंदीसाठी. हिवाळाभर ज्या बिचाऱ्याचा पारा ९४ च्या वर सरकला नव्हता, तो झपाट्याने १०० गेला, १०५ गेला, १०८ गेला, आणि पुढे आकडे नसल्यामुळे काच फोडून बाहेर पडला. औषधाच्या डब्यातील एकोणीस वर्षांची निष्कलंक सेवा तिथे समाप्त झाली.

त्या सुमारास सेलूच्या बाजारात माझी गाठ एका संत्रा बागाईतदाराशी पडली. मी कुंड्यांची हकीकत, पुस्तिकेतील कलमे आणि कुलरप्रकरण सविस्तर सांगितले. त्याने तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत काही म्हटले नाही. मग म्हणाला, "ताण द्या ना जी."

"ताण?"

"आमी संत्र्याले नाही देत काय? पाणी तोडाचं. पानं गळली तं गळू द्याची. झाड झोपते. मंग पाणी देल्लं का बहार धरते. तुमी त्याले झोपूच देऊन नाही रायले. रात्री बॅटरी, दुपारी कुलर. कोनाले झोप येईन?"

शेजारी वायगावकडची हळद विकायला बसलेली बाई हे ऐकत होती. तिने भर घातली की आमच्या हळदीचे बेणेही उन्हाळाभर असेच राहते: सावलीत, कोरडे, वरून पालापाचोळा, आणि रोज उठून त्याची विचारपूस करायची नाही. हे शेवटचे वाक्य तिने माझ्याकडे पाहून उच्चारले. म्हणजे शीत देशात ज्या झोपेसाठी बर्फ लागतो, ती आमच्याकडे उन्हाने आणि कोरडेपणाने साधते. हिवाळ्याऐवजी उन्हाळा जपावयाचा, आणि बाकी सर्व पुस्तिकेप्रमाणे. पाचगणीहून आलेल्या कागदात जे नव्हते, ते सेलूच्या बाजारात, तंबाखूच्या एका चिमटीच्या अवधीत, विनामूल्य मिळाले. मला ते फार लागले.

मी पाणी तोडले, पाने गळू दिली, पाच कंद उकरले. इथवर सर्व ठीक झाले. परंतु पालापाचोळ्यावर माझा विश्वास बसेना. पुस्तिकेत ५० अंशांचे कोरडे तळघर लिहिले होते. हिंगणीत तेवढे थंड स्थळ एकच, ते म्हणजे घरातला फ्रीज. मी कंदांच्या दोन पुड्या बांधल्या, एकीत दोन, दुसरीत तीन, आणि भाजीच्या खणात ठेवल्या. चार दिवसांनी कैरीच्या पन्ह्याच्या बाटल्यांना जागा हवी म्हणून कोणीतरी दोन कंदांची पुडी वरच्या बर्फाच्या खणात सरकविली. कोणी, त्याचा तपास अद्याप लागला नाही. घरातील प्रत्येक इसमाने दुसऱ्याकडे बोट दाखविले. मी पुडी काढली तेव्हा तिच्यावर पांढऱ्या, खरखरीत, चकचकीत कणांचा थर जमला होता. कार्तिकापासून ज्याच्यासाठी मी ढेकळे खाल्ली, ते पहिले दहिवर माझ्याच घरात, ऐन नवतप्यात, कुल्फीच्या साच्यांशेजारी पडलेले होते! आत कंद काळे होऊन शिजलेल्या रताळ्यासारखे लिबलिबीत झाले होते. कलम सातची अट अखेर पूर्ण झाली, असे मी खतावणीत नमूद केले.

तीन उरले. आता मात्र मी हळदवाल्या बाईस शरण गेलो. गोठ्यामागच्या सावलीत कोरड्या रेतीच्या ढिगात ते पुरले, वर पालापाचोळा घातला, आणि मृगापर्यंत त्यांची विचारपूस न करण्याची शपथ घेतली. शपथ मी अकरा दिवस पाळली. बाराव्या दिवशी पहाटे गेलो तर ढीग उधळलेला, रेतीत चार बोटे खोल नाकाचे ठसे, आणि खुरांची एक स्वस्थ, तृप्त अशी रांग कुंपणाच्या भोकातून बोरच्या दिशेने गेलेली. डुकराचा कान डुकराने नेला. दक्षिण आफ्रिकेतून जर्मनी, इटली, पाचगणी असा एवढा प्रवास करून आलेल्या या कंदाला त्याचा पिढीजात वैरी हिंगणीत भेटावा, आणि त्याने एकही पुस्तिका न वाचता त्याला ओळखावे, याचे मला दुःखापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले. मी दोन पंच बोलावून रीतसर पंचनामा केला. पंचांनी सह्या करण्यापूर्वी खड्डा आणखी दोन हात खणून पाहण्याचा आग्रह धरला. गुप्तधनाचे मत अजून पुरते मावळले नव्हते.

खतावणी बंद करून मी माळ्यावर टाकली.

पावसाळा सुरू झाला, आणि श्रावणातल्या एका सकाळी मोरीच्या बाजूला सांडपाण्यावर माजलेल्या धोप्याच्या ताटव्यात मला एक पान दिसले, ज्याचा देठ पाठीला नव्हता. काठाला येऊन मिळाला होता. मी चष्मा पुसला. एक, दोन, तीन. एकूण सात पाने.

"हे इथे कसे आले?"

"ते होय?" सौभाग्यवती राख चोळीत म्हणाल्या. "रेतीतलं एक सडल्यासारखं वाटलं, म्हणून उचलून इथं फेकलं. मोरीचं पाणी मिळते, जगलं."

म्हणजे पंचनाम्यात तीन लिहिले होते, डुकराला प्रत्यक्षात दोनच मिळाले होते, आणि मी एका निरपराध जनावरावर एक कंद जास्तीचा लावला होता. दुरुस्ती करण्यासाठी मी खतावणी माळ्यावरून उतरविली, आणि दुसऱ्या दिवसापासून मोरीपाशी हजेरी पुन्हा सुरू केली. पाने सात. पाने सात. पाने सात. धोपा, खरकटे आणि भांड्यांची राख यांच्या सहवासात, जिथे कोणी तिच्याकडे पाहतही नव्हते, तिथे ती मायदेशी ओढ्यात वाढावी तशी वाढत होती.

भाद्रपदात साडू सहकुटुंब आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मी त्यांना मोरीकडे नेऊन दाखविण्याचे ठरविले होते, पण ते उशिरा पोहोचले, भूक लागलेली होती, आणि पाने आधी मांडली गेली. वरण, भात, झुणका, आणि ताटाच्या उजव्या हाताला धोप्याच्या वड्यांची चळत. साडूंनी तीन खाल्ल्या. मी चार खाल्ल्या. माझ्या चौथ्या वडीनंतर साडूंनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"वडी उत्तम आहे," ते म्हणाले, "फक्त घशाला जरा... खवखवते."

"चिंच कमी पडली असेल," सौभाग्यवती म्हणाल्या. "पाहुणे जास्त, पानं कमी, इकडून तिकडून गोळा केली."

मी हात धुण्याच्या निमित्ताने उठलो आणि मोरीशी जाऊन वाकलो. सकाळच्या हजेरीला सात होती. आता चार होती, आणि तीन देठ, काठाला मिळणारे, विळीने स्वच्छ कापलेले. आतून साडूंचा खोकला ऐकू येत होता, आणि माझ्याही घशात एव्हाना काहीतरी सुरू झाले होते.

"अहो," आतून हाक आली, "येताना दोन लिंबं आणा."